शेफिल्डच्या थडग्यावरचा 'महापूर' आणि ओढ्याएवढी लॉक्स्ली

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मुलाकडे शेफिल्डला आला आहात. लॉक्स्ली नदीच्या खोऱ्यात फिरायला जाता, तिथल्या एका जुन्या दफनभूमीत शेवाळलेला दगड दिसला. एकाच घरातली चार-पाच नावं, आणि त्यातल्या एका नावापुढे मार्च १८६४ च्या 'महापुरात' बुडाल्याची नोंद. खाली उतरून नदी पाहिली तर ती आपल्याकडच्या ओढ्याएवढी. तेव्हा एवढ्याशा नदीला माणसं मारणारा पूर आला कसा, आणि त्याच पुराची तारीख एका दगडावर ११ तर शेजारच्या दगडावर १२ कशी, असं तुम्ही विचारलं आहे.

नदीला पूर आलाच नव्हता. वर धरण फुटलं होतं.

मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं होतो, त्यातली बरीचशी मातीच्या धरणांच्या तपासणीत गेली. ब्रॅडफील्डच्या वरचं ते डेल डाइक धरण आमच्या धंद्यात आजही उदाहरण म्हणून काढलं जातं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

नदी ओढ्याएवढी का दिसते आणि तरी एवढा घात कसा झाला, ते आकड्यांतच बघू. त्या रात्री सुमारे ६५ कोटी गॅलन पाणी बाहेर पडलं. ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरचा, म्हणजे अंदाजे ३०० कोटी लिटर. आपल्या हिशेबात जेमतेम ०.१ टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). खडकवासला पावणेदोन-दोन टीएमसीचं आणि पानशेत साडेदहाच्या वर, हे पुण्याच्या माणसाला पाठ असतं. त्यापुढे हे धरण म्हणजे तलावच. पण ते रिकामं झालं ४७ मिनिटांत. भागाकार केला तर सरासरी ३७ हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला ३७ हजार घनफूट येतो. खडकवासल्यातून ३५ हजार सोडले की भिडे पूल केव्हाच बुडालेला असतो आणि सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरायला लागतं. मुठेचं पात्र केवढं रुंद, आणि लॉक्स्लीचं खोरं किती अरुंद आणि उताराचं, ते तुम्ही रोज बघताच. शिवाय विसर्ग पायरीपायरीने वाढवतात, भोंगे वाजतात. इथे पाण्याची भिंत एकदम आली, तीही रात्री, माणसं झोपेत असताना. सुमारे २४० जीव गेले.

धरण बांधलं होतं शेफिल्ड वॉटरवर्क्स कंपनीने. गाव पोलादावर फुगत होतं, प्यायला पाणी पुरत नव्हतं. दुसरीकडे लॉक्स्लीवर पाणचक्क्यांची रांग होती, चाकू-कात्र्यांना धार लावणाऱ्या कारागिरांची. नदी अडवायची तर त्यांच्या हक्काचं पाणी रोज सोडणं भाग होतं. म्हणून वर एकामागून एक साठे करायची योजना झाली, आणि त्यातला पहिला डेल डाइक. काम १८५९ च्या सुरुवातीला चालू झालं. मार्च १८६४ मध्ये तलाव पहिल्यांदाच काठोकाठ येत होता.

'पहिल्यांदाच' या शब्दापाशी थांबा. मातीचं धरण पहिल्या भरतीला परीक्षेला बसतं. तोपर्यंत ते नुसता मातीचा ढीग असतं. पाणी टेकलं की भिंत दबते, भिजते, आतली प्रत्येक चूक वर येते. आम्ही नव्या धरणावर पहिल्या पावसाळ्यात दिवसरात्र माणूस ठेवायचो, तो याचसाठी.

भिंत ९५ फूट उंच होती, साडेबाराशे फूट लांब, तळाशी पाचशे फूट रुंद. मधोमध मळलेल्या चिकणमातीचा गाभा, ज्याला आमच्याकडे हार्टिंग म्हणतात. तो माथ्याला ४ फूट आणि तळाला १६ फूट. एवढ्या उंचीला हा गाभा सडपातळच. दोन्ही बाजूंचा भराव वॅगनी आणून ओतलेला, तीन-तीन, पाच-पाच फुटांच्या थरांनी, रेल्वेचा बांध घालतात तसा. आपल्याकडे अर्धा-पाऊण फुटाचा थर घालून, पाणी मारून, रोलर फिरवल्याशिवाय पुढचा थर टाकू देत नाहीत. तसा एकदा टाकू दिला म्हणून माझ्या एका शाखा अभियंत्याला मी सगळा थर उकरायला लावला होता, बिचारा महिनाभर बोलत नव्हता.

आणि भिंतीच्या पोटातून गेलेले दोन ओतीव लोखंडी नळ. व्यास १८ इंच, लांबी पाचशे फूट, तुकडे जोडत नेलेले. त्यांचे व्हॉल्व्ह बसवले होते खालच्या टोकाला, म्हणजे धरणाच्या बाहेरच्या बाजूला. म्हणजे नळ कायम पूर्ण दाबाखाली. वरची माती मधे जास्त दबते, कडेला कमी. त्या ओढाताणीत एखादा सांधा उकलला तर पाणी थेट भिंतीच्या पोटात सुटतं, आणि ते बंद करायला हातात काहीच उरत नाही. व्हॉल्व्ह तलावाच्या बाजूला असता तर निदान बंद करता आला असता. सरकारने पाठवलेल्या रॉबर्ट रॉलिन्सन यांनी चौकशीत नेमकी याच गोष्टीवर टीका केली.

आता ती संध्याकाळ. शुक्रवार, ११ मार्च. वारा सोसाट्याचा होता, तलावात लाटा उठत होत्या. साडेपाचच्या सुमारास विल्यम हॉर्सफील्ड नावाचा मजूर कामावरून घरी जाताना भिंतीवरून निघाला, तेव्हा त्याला बाहेरच्या उतारावर एक भेग दिसली. भिंतीच्या लांबीला समांतर. खिशातल्या छोट्या चाकूचं पातं जेमतेम जाईल एवढीच रुंद.

अशी भेग मी पाहिलेली आहे. एका लघु पाटबंधारे तलावावर ऑक्टोबरात चौकीदार तात्यांनी मला बोलावलं. माथ्यावर समांतर भेग, चाळीसेक पावलं लांब. तात्यांनी बाभळीची काटी आत सारली, ती कोपरापर्यंत गेली. माझ्या पोटात गोळा आला. पद्धत अशी की भेगेत चुन्याचं पाणी ओतायचं आणि मग शेजारी खड्डा घेऊन पांढरी रेघ कुठवर जाते ते बघायचं. दरम्यान मी तलाव थोडा उतरवायचं ठरवलं, तर वरून फोन, की रब्बीचं पाणी आहे, भेगेसाठी सोडू नका. मी सोडलं, त्याचा खुलासा नंतर लेखी द्यावा लागला. खड्ड्यात पांढरी रेघ तीन फुटांवर थांबली. काळ्या मातीची वाळण्याची भेग होती, बाकी काही नाही. म्हणजे फोन करणारा बरोबर आणि मी चूक, असंही कोणी म्हणेल. पण वरून बघून ते कळत नाही. तीन फुटांची आणि तीस फुटांची भेग तोंडाशी सारखीच दिसते.

हॉर्सफील्डने सांगितल्यावर माणसं जमली, कंदील घेऊन बघायला लागली. कंपनीचे निवासी अभियंता जॉन गन्सन मात्र निवासी होते शेफिल्डमध्ये, आठ मैलांवर. त्यांना आणायला कंत्राटदाराचा मुलगा स्टीफनसन फाउंटन घोड्यावर निघाला. डॅमफ्लास्कला पोचेपर्यंत त्याच्या खोगिराचा पट्टा तुटला. दुरुस्तीसाठी तो तिथल्या खानावळीत थांबला आणि बोलता बोलता सांगून गेला की धरणाचं काही खरं नाही. ते ऐकून डॅमफ्लास्कची बरीच माणसं घरं सोडून वर गेली आणि वाचली. एवढ्या मोठ्या योजनेत खालच्या माणसांना मिळालेली इशाऱ्याची व्यवस्था म्हणाल तर हा तुटलेला पट्टा.

गन्सन रात्री दहाच्या सुमारास पोचले. नळांचे व्हॉल्व्ह आधीच उघडलेले होते, पण दोन नळांनी तलाव असा किती उतरणार? मग सांडव्याची भिंत सुरुंगाने उडवून पाणी तिकडून काढायचं ठरलं. बार उडालाच नाही. गन्सन पुन्हा भेगेशी आले, तोवर माथा मधे इतका खचला होता की पाणी वरून येऊन भेगेत उतरताना दिसलं. ते कसेबसे बाजूला पळाले. साडेअकराच्या सुमारास भिंत गेली.

इथे माझं मत जरा वेगळं आहे. डेल डाइकबद्दल दीडशे वर्षं वाद चालला आहे तो नळांवर. कंपनीने बोलावलेल्या पाच नामवंत अभियंत्यांनी सांगितलं की भिंतीखालची टेकडीच घसरली, बांधकामात खोट नव्हती. रॉलिन्सन आणि इतरांनी बांधकामावर बोट ठेवलं. पुढे १९७० च्या दशकात जुने कागद नव्याने तपासले गेले, आणि आता कल असा आहे की गाभा असमान दबला, त्याला आतून तडा गेला आणि माती हळूहळू वाहून गेली. वाद चांगला आहे, विद्यार्थ्यांना शिकवायला उपयोगी आहे. पण मला त्या साडेपाच ते साडेअकरा या सहा तासांचं जास्त वाटतं. सहा तास भेग डोळ्यांसमोर होती. सहा तासांत खोऱ्यातल्या प्रत्येक घराचं दार चालत जाऊन ठोकता आलं असतं. पण धरण फुटेल असं लेखी देणारा कोणी नव्हता, आणि खात्री नसताना लोकांना उठवायचं म्हणजे नाचक्की. ही भीती मी आमच्या खात्यातही पाहिली आहे, माझ्यातही पाहिली आहे.

पाणी आधी लो ब्रॅडफील्डला आलं, तिथे एका शिंप्याचं नुकतंच जन्मलेलं बाळ गेलं. मृतांच्या यादीत त्याला स्वतःचं नाव नाही. मग डॅमफ्लास्क, लॉक्स्ली, आणि जिथे रिव्हेलिन नदी मिळते ते मॅलिन ब्रिज. सगळ्यात मोठा घात तिथे झाला, घरंच्या घरं माणसांसकट गेली. पुढे हिल्सबरो, नीपसेंड, आणि मग डॉन नदीच्या काठाने शेफिल्ड गाव.

यातच तुमच्या तारखांचं उत्तर आहे. वरच्या गावांत माणसं शुक्रवारी ११ तारखेला मध्यरात्रीआधी गेली, खाली गावात शनिवारी १२ ला उत्तररात्री. दफनाच्या वेळी घरच्यांनी जी तारीख मानली ती कोरली. काहींनी 'त्या रात्री' म्हणून सरसकट ११ घातली असेल, त्यामुळे तारखेवरून माणूस कुठल्या वस्तीतला ते पक्कं ठरवू नका. पण १२ असेल तर तो खालच्या अंगाचा असण्याची शक्यता जास्त.

आता 'महापूर' हा शब्द. त्या घटनेचं नावच 'शेफिल्डचा महापूर' असं पडलं. दगडावरचा शब्द खोटा नाही, पण अर्धाच आहे. पूर म्हटलं की आभाळाचं होतं, धरण म्हटलं की कोणाचं तरी होतं. आपण तरी काय वेगळं केलं? १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, तेही मातीचंच, तेही पहिल्याच भरतीत, आणि तिथेही दुखणं पोटातल्या विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या, नळमार्गापाशीच होतं. जवान आधीपासून वाळूची पोती रचत होते. सकाळी भिंत गेली, मागोमाग खडकवासला गेलं. आणि आपण म्हणतो 'पानशेतचा पूर'. वस्त्या वसल्या त्या पूरग्रस्तांच्या, गोखलेनगरसारख्या. धरणग्रस्त हा शब्द आपल्याकडे वेगळ्याच माणसांसाठी राखून ठेवलेला आहे. नदीकाठच्या पेठांत काही जुन्या भिंतींवर पाणी कुठवर आलं त्याची खूण अजून आहे. आपल्याकडे थडगी नाहीत, म्हणून ती पाण्याची रेघच काय ते स्मारक. २०१९ ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे फुटलं तेव्हा एका मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ढकलला होता, ते तुम्हाला आठवत असेल. शेफिल्डची टेकडी निदान घसरू तरी शकते.

शेफिल्डला चौकशी झपाट्याने झाली. त्याच महिन्यात पंच मंडळींनी निर्णय दिला. कामाच्या आकाराला शोभेल इतकं कौशल्य आणि लक्ष दिलं गेलं नाही, आणि अशा सगळ्या कामांची सरकारी तपासणी वरचेवर आणि नियमित व्हावी, असा त्याचा आशय. गन्सन यांची नोकरी गेली नाही. सल्लागार अभियंता होते जॉन टाउलर्टन लेदर. त्यांचे काका जॉर्ज लेदर यांनी आखलेलं बिलबेरी धरण बारा वर्षांपूर्वी, ५ फेब्रुवारी १८५२ ला, डेल डाइकपासून वीसेक किलोमीटरवर होमफर्थच्या वर फुटलं होतं. ८१ माणसं गेली. तिथली गोष्ट तर आणखी चीड आणणारी. धरणाच्या पायात झरा होता, भिंत दबत दबत सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी उतरवायच्या, विहिरीच्या तोंडाखाली गेली, म्हणजे पाणी आता विहिरीत न जाता भिंतीवरूनच जाणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. विहिरीचं तोंड खाली आणायचं काम वर्षानुवर्षं कोणी केलं नाही. एकाच घराण्यातल्या दोघांची दोन धरणं, आणि दोन्ही खोऱ्यांत थडगी.

पंचांनी मागितलेला तपासणीचा कायदा आला १९३० ला, ६६ वर्षांनी. तोही शेफिल्डमुळे नाही. १९२५ ला वेल्समधल्या डॉलगारोगला धरणं फुटून १६ माणसं गेली, त्यानंतर. आपला धरण सुरक्षा कायदा पानशेतनंतर ६० वर्षांनी, २०२१ ला. हिशेब जवळजवळ सारखाच.

दगड नीट वाचायचा असेल तर दुपारी जाऊ नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की झिजलेली अक्षरं उठून दिसतात. ऊन नसेल तर मोबाइलचा टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरा. खडू घासू नका, तारेचा ब्रश तर अजिबात नको. वालुकाश्म असेल तर पापुद्रा सुटतो आणि त्याबरोबर नाव जातं. शेवाळ काढायचंच असेल तर साधं पाणी, मऊ ब्रश, आणि आधी तिथल्या माणसाला विचारून.

अक्षरांची वळणं बघा. पुरात गेलेल्याचं नाव बाकीच्या नावांपेक्षा वेगळ्या हाताचं वाटलं, तर ते नंतर कोरलेलं असू शकतं. कधी कधी दगडावर नाव असतं पण खाली देह नसतो. कित्येक जण डॉन नदीतून खाली कुठवर वाहत गेले, कित्येकांची ओळखच पटली नाही. आणि मुळात दगड बसवायला पैसे लागायचे. मेलेले बहुतेक मजूर, धार लावणारे, त्यांच्या बायका-मुलं. त्यातले कितीतरी विनादगडाच्या सामाईक कबरींत आहेत. तेव्हा तुम्हाला जो दगड दिसला ते घर त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतलं असावं.

नाव वाचता आलं की पुढचं काम सोपं आहे. नुकसानभरपाईसाठी साडेसहा हजारांच्या वर दावे दाखल झाले होते आणि ते शेफिल्ड हॅलम विद्यापीठाने इंटरनेटवर ठेवले आहेत, आडनावाने शोधता येतात. त्यात माणसांच्या मृत्यूचे दावे आहेत, तसेच भांड्यांचे, कपड्यांचे, हत्यारांचे, डुकरांचेही. मी एकदा बसलो ते रात्री दोन वाजेपर्यंत वाचतच राहिलो. कोणाच्या घरात काय होतं ते त्या यादीइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे सापडणार नाही.

आणि गुडघे साथ देत असतील तर एक दिवस लो ब्रॅडफील्डहून वर चालत जा. आत्ता जे धरण दिसेल ते १८७५ चं, जुन्या जागेपासून वर सरकवून बांधलेलं आणि आकाराने लहान. जुनी भिंत होती ती जागा त्याच्या खालच्या अंगाला आहे. तिथे सी, एल, ओ, बी अशी चार अक्षरं कोरलेले बुटके दगड आहेत. लोकांना ते थडग्याचेच वाटतात, पण ती जुन्या भिंतीच्या मध्यरेषेची खूण आहे. एका दगडापाशी उभं राहून दुसरा शोधा, म्हणजे ९५ फूट उंच भिंत कुठून कुठे जात होती ते पायाला कळेल. वाट चिखलाची असते, चपला घालून जाऊ नका. आणि थडग्याचा फोटो पाठवाल तेव्हा दगडाच्या मागच्या बाजूचाही पाठवा, नावं पुष्कळदा तिकडेही गेलेली असतात.